भेंडीची एक सरी

प्रवासवर्णन लिहिणारा माणूस निदान कुठेतरी गेलेला असावा, अशी माझी समजूत आहे. मी गेलो तो माझ्याच जिल्ह्यात, तीन दिवस, तेही जीपच्या मागच्या सीटवर बाटल्यांचं खोकं मांडीवर घेऊन. तेव्हा याला प्रवासवर्णन म्हणण्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी जाऊनही उत्तरपत्रिकेपलीकडे काही लिहिलेलं नाही. वार्षिकांकाच्या संपादकांनी 'बुलढाण्याकडे आपल्यातलं कोणी जात नाही, तू लिही' असा दोनदा निरोप पाठवला. मी आधी सोबत आलेल्या रेवाला विचारलं, ती लिहिणार आहे का. ती नाही म्हणाली. तिने लिहिलं असतं तर जास्त चांगलं झालं असतं. म्हणूनच मी हो म्हणालो.

जाण्याचं कारण

सबनीस मॅडम मेंदूच्या शास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात दोन महिने काम करायला आम्हा दोघांना घेतलं होतं, रेवाला आणि मला. पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर दोन चेतापेशी काढल्या आणि मध्ये बारीक फट ठेवली. अलीकडची पेशी त्या फटीत एक द्रव्य सोडते, पलीकडच्या पेशीवरचा रिसेप्टर ते धरतो, आणि निरोप पोचतो. पण निरोप पोचल्यावर ते द्रव्य फटीत पडून राहिलं तर पलीकडची पेशी बिचारी बेजार होते. म्हणून ते उचलून परत आत नेणारे वेगळे रेणू असतात. ते ट्रान्स्पोर्टर. मॅडमनी वीस वर्षं या परत नेणाऱ्यांचा अभ्यास केला. "पोचवणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात," त्या म्हणाल्या होत्या. "परत आणणाऱ्याकडे कोणी बघत नाही, म्हणून मी बघते."

मला ते ऐकून शेतावर जाणारा जेवणाचा डबा आठवला. भरलेला डबा जातो त्याची सगळे वाट बघतात. रिकामा डबा संध्याकाळी घरी आला नाही तर दुसऱ्या दिवशी जेवण कशात न्यायचं, हे फक्त आईला माहीत असतं. हे मी वर्गात बोललो नाही. शास्त्राच्या तासाला डब्याचं काय बोलायचं, असं वाटलं.

अलीकडे मॅडम रिसेप्टरकडे वळल्या आहेत, आणि माणसाच्या नव्हे तर तुडतुड्याच्या. तुडतुडा म्हणजे कपाशीच्या पानामागे बसून रस शोषणारा, तांदळाच्या कणीएवढा हिरवा किडा. त्याला मारायची काही औषधं म्हणजे चेतापेशीतल्या त्या द्रव्याचं सोंग असतं. औषध जाऊन रिसेप्टरवर बसतं आणि उठत नाही. किडा थरथरतो आणि मरतो. निदान मरायचा. आता फवारलं तरी पुष्कळ ठिकाणी तो मजेत असतो. मॅडमचा अंदाज असा, की त्याचा रिसेप्टरच थोडा बदलला असावा. हे बघायला दोन प्रकारचे तुडतुडे हवेत. फवारलेल्या शेतातले, ते हवे तितके मिळतात. आणि औषध ज्यांनी कधी पाहिलंच नाही असे, ते कुठे मिळणार, हा खरा प्रश्न होता.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण या तीन दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मॅडमकडे जानेवारीपासून वर्षभराची एकच जागा निघणार होती. ती रेवाला मिळेल किंवा मला.

रेवाचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत. पण मला तिचा हेवा वाटतो तो त्यासाठी नाही. तिला 'मला कळलं नाही' असं म्हणता येतं. हसत म्हणते, आणि समोरचा माणूस पुन्हा समजावून सांगतो. मला जे कळत नाही ते मी मान डोलावून खोलीवर नेतो.

पण सप्टेंबरअखेर, कपाशी भरात आल्यावर, ही फेरी ठरली तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "वैभव तिकडचाच आहे, आपलं काम सोपं होईल." त्या वाक्यावर मी आठवडा काढला.

चिखली ते वडनेर भोलजी

चिखलीला सकाळी उतरलो तेव्हा जीप घेऊन रशीदभाई उभे होते. पन्नाशीचे, पांढरी दाढी, तालुक्यातल्या प्रत्येक फाट्यावर ओळख. त्यांनी माझं गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं आणि लगेच मला 'बे' म्हणायला लागले. रेवाला मात्र 'बेटी'.

चिखली सोडल्यावर थोड्याच वेळात आमच्या गावाचा फाटा लागतो. मॅडमनी विचारलं, "तुझं गाव इकडेच ना? जाताजाता आईला भेटून येऊ या."

मी म्हणालो, "आत आहे मॅडम. रस्ता फार खराब आहे."

तो रस्ता मागच्या वर्षीच डांबरी झाला आहे. रशीदभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

घराची लाज वाटली म्हणून मी खोटं बोललो असं वाचणाऱ्याला वाटेल. थोडी तीही होती. पण खरं कारण वेगळं आहे. रेवा आमच्या चुलीपाशी मांडी घालून बसली असती, भाकर थापून पाहिली असती, ती तुटल्यावर हसली असती, आणि पुढे वर्षभर आईने मला फोनवर विचारलं असतं, 'थे पोरगी कशी आहे रे?' जिथे रेवा कोणाला आवडलेली नाही अशी एक जागा मला शिल्लक ठेवायची होती.

बुलढाण्याच्या पुढे राजूर घाट उतरतो. वरचं पठार मुरमाड, हवा जरा थंड. खाली उतरलात की एकदम ऊन अंगावर येतं आणि काळी जमीन सुरू होते. मी दक्षिणेकडच्या तालुक्यातला. घाटाखालचा मुलूख मी लग्नाकार्यापुरताच पाहिलेला. पण 'तिकडचा' म्हणून आलो होतो, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर मान हलवत होतो. रेवाने रस्त्यातल्या टपरीवर कचोरी खाल्ली, सोबतची हिरवी मिरची सबंध चावली आणि डोळ्यांतून पाणी काढत दुसरी मागितली. टपरीवाल्याने तिला मिरची फुकट दिली. मी जिल्ह्यातलाच असूनही मला कोणी मिरची विचारली नाही.

वडनेर भोलजी हे हमरस्त्यावरचं मोठं गाव. कृषी केंद्रासमोरच्या बाकावर पाचसहा शेतकरी बसले होते. मी वही काढली. मॅडम शेजारी उभ्या होत्या, म्हणून माझ्या तोंडून जमेल तितकी शुद्ध भाषा निघायला लागली. आपण कोणत्या कीटकनाशकाचा वापर करता, किती दिवसांच्या अंतराने, परिणाम कसा आढळतो. सगळे सरळ बसले. परिणाम एकदम मस्त आहे म्हणाले. एक जण म्हणाला, "साहेब, तुमच्या कंपनीचंच मारतो. दुसरं हातात घेत नाही."

मी विचारलं, "कोणत्या कंपनीचं?"

"तुमची जे असंन थे."

मला वाटलं, लाजाळू आहे. मी तीन पानं भरली. औषध लागू पडतं, तुडतुडे उरलेच नाहीत, सगळं ठीक.

चहाच्या वेळी रशीदभाईंनी मला बाजूला घेतलं. "अबे, त्यायले तू कंपनीचा माणूस वाटून राह्यला. दर हंगामात एक जण येते वही घेऊन, तुह्यासारखंच बोलते, अन खराब म्हटलं का दुसऱ्या दिवशी नवं औषध घ्या म्हणून मागं लागते. म्हून हे समदे मस्तच सांगतात."

मी तीन पानांकडे बघत बसलो. ही चूक पुण्याच्या मुलाने केली असती तर समजण्यासारखं होतं. आमच्या गावातही वहीवाल्याला सगळं मस्तच सांगतात. माझे वडीलही तेच सांगतात.

तेवढ्यात बाकावर हसण्याचा आवाज झाला. रेवा एका म्हाताऱ्या बाबांच्या शेजारी खताच्या पोत्यावर बसली होती. जीपमध्ये वेळ जात नव्हता म्हणून तिने माझ्याकडून चार वाक्यं शिकून घेतली होती, ती ती आता बिनधास्त वापरत होती. "बाबा, मले काहीच समजत नाही. तुडतुडा म्हणजे कसा असते?"

"पान उलटं कर पोरी," बाबा म्हणाले. "जो तिरपा पळते थो तुडतुडा. सरळ चालनंच नाही त्याले मालूम. अन औषधाचं म्हणशीन तर, तीन डबे एकात टाकून, वरून शाम्पूची पुडी टाकून मारलं. आंघोळ करून ताजा झाला साला."

सगळा बाक हसला. मॅडमसुद्धा हसल्या आणि लिहून घ्यायला लागल्या. पुढच्या अर्ध्या तासात रेवाला सगळं कळलं: कशात काय मिसळतात, किती वेळा, कोणत्या साली लागू पडायचं थांबलं. ती भाषा मी जन्मल्यापासून बोलतो. पुण्यात दोन वर्षं घालवून मी ती घशात अडवायला शिकलो, आणि तिने ती दोन तासांत उसनी घेऊन माझ्याच जिल्ह्यात खपवली.

मी माझी तीन पानं फाडली. मॅडमनी पाहिलं. "राहू दे रे, होतं असं," एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

जळगाव जामोदच्या पलीकडे

जळगाव जामोदला आम्ही मुक्काम केला. सकाळी लॉजच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुडा दिसतो. निळी रांग अगदी गावाच्या भिंतीसारखी जवळ वाटते, पण जीप निघाली की ती मागे मागे सरकत जाते. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात पुंडलिकभाऊंचं शेत होतं. रशीदभाईंच्या ओळखीचे. कपाशी कमरेएवढी, पानांच्या कडा पिवळ्या-तांबूस होऊन वाटीसारख्या वळलेल्या. तुडतुड्यांचं काम.

ते पकडायची रीत मजेशीर आहे. एका बाटलीच्या बुचातून दोन नळ्या काढलेल्या असतात. एक नळी तोंडात धरायची, दुसरीचं टोक पानामागे किड्यावर न्यायचं आणि श्वास आत ओढायचा. किडा बाटलीत पडतो. तोंडाकडच्या नळीला जाळी असते म्हणून तो पोटात जात नाही. पुंडलिकभाऊ आधी नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "आम्ही हुक्का ओढायचा सोडला अन तुमी तुडतुडे ओढून राह्यले."

त्यांनी विचारलं, याचं पुढे काय करणार. मॅडमनी सांगितलं, की यांचा रिसेप्टर कसा बनतो त्याचा नकाशा काढून तो बेडकाच्या अंड्यात घालायचा. मग ते अंडं तसाच रिसेप्टर स्वतःवर उगवतं, आणि त्यावर औषधाचा थेंब टाकून वीज मोजता येते. पुंडलिकभाऊंनी रशीदभाईंकडे पाहिलं, रशीदभाईंनी आभाळाकडे. "बेंडकाच्या अंड्यात तुडतुडा," पुंडलिकभाऊ सावकाश म्हणाले. "अन शिकेल लोकं आमाले म्हणतात अंधश्रद्धा सोडा."

किडे ओढण्यात मी रेवापेक्षा सरस निघालो. तिच्या एका बाटलीला माझ्या दोन. तो तासभर फार सुखाचा गेला.

दुपारी सुमनवहिनींनी, म्हणजे पुंडलिकभाऊंच्या पत्नीने, शेतातल्या निंबाखाली जेवायला वाढलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर, ठेचा, भेंडीची भाजी, वर कच्चं तेल. पुण्यात मेसमध्ये भेंडी तेलकट आणि लांब लांब चिरलेली असते. आमच्याकडे बारीक चकत्या, कोरडी, कुरकुरीत. रेवाने तीनदा घेतली. आणि तिसऱ्यांदा घेताना तिने विचारलं, "ताई, ही भेंडी बाजारातली?"

"बाजारातली कायले?" वहिनींनी बांधाकडे बोट दाखवलं. "थे काय धुऱ्यापाशी सरी आहे. घरच्यापुरती. तिले औषध मारू देत नाई मी. कपाशीले काय मारायचं थे मारा म्हणते, पन भेंडीकडे पंप फिरवला तर मी तुमाले भाकर देणार नाही."

रेवाचा घास हातातच राहिला. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी ताट खाली ठेवलं. भेंडीवर आणि कपाशीवर तुडतुडा एकच असतो.

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट लिहायला हवं. आमच्या शेतात आईची भेंडी अशीच असते. कपाशीच्या कडेला एक सरी, दर वर्षी, औषधाविना. पंधरा वर्षं मी ती तोडली आहे, हातांना खाज सुटेपर्यंत. दोन महिने प्रयोगशाळेत मॅडम 'न फवारलेलं शेत कुठे मिळेल' असं विचारत होत्या आणि मी नकाशे, तालुके, सेंद्रिय शेतीचे गट शोधत होतो. भेंडीची सरी मला आठवली नव्हती असं नाही. आठवली होती. पण ती आईची भाजी होती. तिला नमुना म्हणायचं धाडस झालं नाही.

मॅडमनी रेवाच्या पाठीवर थाप मारली. "हे तुझ्यामुळे झालं." मग तिघांनी मिळून भेंडीवरून सहा बाटल्या भरल्या. मी सर्वांत जास्त किडे ओढले. बाटल्यांवर चिठ्ठ्या रेवाने लिहिल्या: शेतकऱ्याचं नाव, गाव, पीक, 'फवारणी नाही'.

हात धुवायला मी आणि रशीदभाई विहिरीवर गेलो. तिथे किसन फवारणीचा पंप दुरुस्त करत बसला होता. किसन पुंडलिकभाऊंच्या शेतात फवारणीला येतो. रशीदभाईंनी त्याला चेष्टेत म्हटलं, की पुण्याची माणसं तुझ्या वहिनीच्या भेंडीवरचे किडे घेऊन चालली. किसनने पाना खाली ठेवला आणि इकडेतिकडे पाहिलं.

"वहिनीले सांगू नका. पोळ्याच्या आधी पंपात थोडं उरलं होतं, अन भेंडीवर लय तुडतुडे दिसत होते. म्हटलं बिचारीची भाजी खराब होऊन राह्यली. दोन हात मारून देल्ले."

त्याने चांगुलपणानेच केलं होतं. वहिनींनी नंतर महिनाभर भाजी तोडली होती, कोणाला काही झालं नव्हतं. पण आमच्या सहा बाटल्यांतले तुडतुडे म्हणजे आता त्या दोन हातांतून वाचलेल्यांची पोरं होती. 'फवारणी नाही' ही चिठ्ठी खोटी होती.

रशीदभाई माझ्याकडे पाहत होते. हे मॅडमना समजावून सांगणं त्यांचं काम नव्हतं, माझं होतं. मी निंबाखाली परत आलो. रेवा बाटल्यांना मलमलीचं फडकं बांधत होती आणि मॅडम तिला काहीतरी सांगत होत्या, दोघी हसत होत्या. मी खोकं उचललं आणि जीपमध्ये ठेवलं.

मी बोललो नाही. विसरलो नव्हतो. तिच्या बाटल्या खोट्या निघाव्यात असं मला वाटत होतं.

परतताना

तिसऱ्या दिवशी आणखी दोन शेतं केली आणि परत निघालो. त्याबद्दल सांगण्यासारखं मला फारसं आठवत नाही. त्या दिवसभर मी खोक्याकडे बघत होतो. नांदुऱ्याला रेल्वे फाटक बंद होतं, रेवा आणि मॅडम खाली उतरून शेंगा घ्यायला गेल्या. रशीदभाईंनी आरसा माझ्याकडे वळवला.

"काऊन सांगत नाही बे?"

मी म्हणालो, "सांगतो."

"भेंडीचं नाई पुसत मी. घरी जायचा रस्ता खराब सांगतला, थेही मी आयकलं. बाप तुहा वळखीचा आहे माह्या. त्याच्या तोंडात असं खोटं पाहिलं नाई मी."

फाटक उघडलं. दोघी शेंगा घेऊन आल्या. रेवाने अर्ध्या शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवल्या. ती अशी आहे, हे मी इथे लिहिलं पाहिजे. तिचा राग यावा असं तिने मला कधीच काही दिलं नाही, आणि त्याचाही मला राग येतो.

मी चिखलीला उतरलो. दोन दिवस घरी राहून मग येतो म्हणालो. जीप बाटल्या घेऊन पुढे जालन्याच्या गाडीसाठी गेली.

घरी आईने भेंडी केली होती. मी ताटाकडे बघत बसलो. आई म्हणाली, "काऊन रे, पुण्याची सवय लागली काय?" मी विचारलं, आपल्या भेंडीवर कधी औषध मारलं का. तिने असं पाहिलं, जणू मी तिच्या स्वयंपाकावर संशय घेतला होता. "माह्या भेंडीवर? तुह्या बापाची काय हिंमत."

जेवण झाल्यावर मी गोठ्याच्या मागे जाऊन मॅडमना फोन केला. किसनचं सगळं सांगितलं. मॅडमनी विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"त्याच दुपारी. विहिरीवर."

"आणि तू आज सांगतोयस."

"हो मॅडम."

"का?"

दुसरं काही सांगता आलं असतं. त्या बाटल्या रेवाच्या होत्या म्हणून, असं मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला.

नंतर

डिसेंबरात यादी लागली. एकच नाव होतं, रेवाचं. मला वाईट वाटलं हे लिहायची गरज नाही. पण अन्याय झाला असं म्हणायची सोय मी स्वतःच ठेवली नव्हती.

त्याआधी, ऑक्टोबरात, रेवाचा फोन आला होता. भेंडीच्या बाटल्या बाद केल्या हे तिने सांगितलं, कोणामुळे ते विचारलं नाही. मॅडमनी विचारायला सांगितलंय म्हणाली, खात्रीची न फवारलेली जागा तुझ्या माहितीत आहे का? मॅडमना स्वतः फोन करता आला असता. त्यांनी तिच्याकडून करवला. मी म्हणालो, "आहे. माझ्या आईची भेंडी."

"ती तर रस्त्यावरच होती ना?" रेवा म्हणाली. "आपण गेलो होतो तेव्हा?"

"हो."

तिने पुढे काही विचारलं नाही. तेही तिला जमतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. आईला सांगितलं, तुझ्या भेंडीवरचे तुडतुडे पुण्याला न्यायचेत. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आयुष्यभर मारायचं औषध आमाले इकलं अन आता जिते पाह्यजेत त्यायले? अन पुण्यात नाईत काय तुडतुडे?" मग तिने माझ्या हातातली नळी घेतली, फडक्याने पुसली आणि स्वतःच्या तोंडात धरली. सुरुवातीला तिला हसू आवरेना. नंतर तिने इतक्या शांतपणे आणि भराभर किडे ओढले, की माझ्या एका बाटलीला तिच्या तीन झाल्या. तिला पानाच्या कोणत्या बाजूला पाहायचं हे शोधावं लागत नव्हतं. वडील धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "माह्या कापसातले पन ओढून घे आता."

ती ओढत असताना मी तिला मॅडमच्या कामाबद्दल सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी डब्याचं सांगितलं: निरोप म्हणजे भरलेला डबा, आणि रिकामा डबा परत आणणारे वेगळे. ती नळी काढून म्हणाली, "मंग? डबा परत नाई आला तर दुसऱ्या दिवशी काय पाठवान?" आणि पुन्हा कामाला लागली. ते समजायला वर्गात तीन तास लागले होते.

चिठ्ठ्या मी लिहिल्या. शेतकऱ्याचं नाव या रकान्यात वडिलांचं नाव लिहायला पेन टेकवलं, सातबारा त्यांच्याच नावावर आहे. मग खोडलं आणि शांताबाई लिहिलं. 'फवारणी नाही.' वरच्या पाकिटावर, जसं सांगितलं होतं तसं, रेवाचं नाव घातलं. माझं नाव कुठेच घालायची जागा नव्हती. रशीदभाईंनी खोकं स्वतः नेऊन गाडीत ठेवलं. "रस्ता कसा आहे तुह्या गावचा?" त्यांनी जाताजाता विचारलं. मी म्हणालो, चांगला आहे.

मग थंडी गेली. माझी परीक्षा झाली. प्रयोगशाळेत मी पुन्हा गेलो नाही, पण संध्याकाळी त्या रस्त्याने गेलो की दुसऱ्या मजल्यावरची खिडकी बघायचो. एकदा तिथे रेवा उभी दिसली, पांढरा कोट घातलेली, आणि मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेलो. हे सगळं निघून जाईल असं मला वाटलं होतं. गेलेलं नाही.

हा मजकूर मी अर्धा लिहून ठेवला होता, कारण शेवट नव्हता. मागच्या आठवड्यात रेवाचा निरोप आला. बेडकाच्या अंड्यांवर त्यांनी दोन्ही रिसेप्टर बसवले. पुंडलिकभाऊंच्या कपाशीवरच्या तुडतुड्याच्या रिसेप्टरवर औषधाचा थेंब टाकला, तर वीज मोजणारी रेघ जागची हलली नाही. आमच्या बाटलीतल्याच्या रिसेप्टरवर थेंब टाकला आणि रेघ सरळ वर गेली. बदल कुठे झालाय ते आता शोधता येईल, कारण न बदललेला हातात आहे. 'इथे सगळे त्या नमुन्याला शांताबाई म्हणतात,' तिने लिहिलं होतं. 'मॅडम रोज सकाळी येऊन विचारतात, शांताबाई कशी आहे?'

मी ते चारदा वाचलं. ज्या खोलीत मला जायचं होतं त्या खोलीत आमच्या घरातलं माणूस पोचलं होतं, रोज सकाळी मॅडम त्याची विचारपूस करत होत्या, आणि ते माणूस मी नव्हतो. मग आईला फोन लावला. ती शेतातून नुकतीच आली होती. मी सगळं सांगितलं. अंडं, थेंब, वर गेलेली रेघ. तिला रेघेचं फारसं पडलं नव्हतं. तिने महिनोन्‌महिने धरून ठेवलेलं तेवढंच विचारलं.

"मंग तुले घेतलं काय त्यायनं?"

"नाई माय," मी म्हणालो. "तुले घेतलं."